धाकटी

निकाल सांगणारा आवाज अन्विताचा स्वतःचाच होता, त्यामुळे क्षणभर तिला वाटलं, आपणच मनातल्या मनात काहीतरी अभद्र बोललो.

"एकोणचाळीस," कानातली कुडी पुन्हा म्हणाली. "शंभरपैकी एकोणचाळीस."

अन्विता ओट्याशी उभी राहून पोहे खात होती. मागच्या वर्षी तिला अठ्ठ्याहत्तर मिळाले होते आणि ऐंशीला प्रवेश होता. तेव्हा दोन गुणांनी हुकलं म्हणून घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मग वर्षभर रक्त आटवून या खेपेला निम्म्यावर? माणूस जागचा हललाच नाही तर समजू शकतं. पण अभ्यास करून कुणी मागे जातं का?

"पुन्हा बघ," ती म्हणाली.

"बघितलं. तेवढेच आहेत."

"पण का?"

कुडीतली तिची प्रत गप्प राहिली. वर्षभरात ती गप्प राहण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि अन्विता घाबरली ती आकड्याने नव्हे, तर या गप्प बसण्याने.

कुठलीही प्रश्नपत्रिका यंत्रं चुटकीसरशी सोडवू लागल्यापासून माणसाची पाठांतरं तपासण्यात काही राम उरला नव्हता. नोकरीतही कुणी एकटं काम करत नसे. ज्याच्या त्याच्याबरोबर त्याची मानसप्रत असे, म्हणजे त्याच्यासारखाच विचार करणारी आवृत्ती. म्हणून पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षाही प्रतीचीच होई. उमेदवाराने वर्षभर ही कुडी कानात घालून वावरायचं, अभ्यास करायचा, चुकायचं, चिडायचं. प्रत ऐकत राही आणि हळूहळू त्याच्या वळणावर जाई. मग परीक्षेत तिला खोट्या शहरात, खोट्या महापुरात सोडून देत. कुठल्या वस्तीला आधी हलवायचं, कुठला बंधारा फोडायचा, सगळं तिने ठरवायचं. जशी वाढवाल तशी प्रत.

अन्विताला पूरव्यवस्थापनच शिकायचं होतं, आणि तेही पार ईशान्येकडच्या त्या संस्थेत, जिथे ब्रह्मपुत्रा अंगणात असल्यासारखी अभ्यासता येते. मिरजेत जन्मलेल्या मुलीला कृष्णेचं पाणी काय करतं हे पुस्तकातून कळावं लागत नाही. या एका प्रवेशासाठी तिने मावसबहिणीचं लग्न चुकवलं होतं. बाबा रत्नागिरीपुढे समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते. ते सुट्टीवर आले, तरी ही दार लावून बसायची. घरात टीव्हीचं तोंड बंद, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा आई जपून होऊ द्यायची.

आणि आता एकोणचाळीस. दिवाणखान्यातून आईने "लागला का गं?" असं विचारलं, तेव्हा अन्विता उत्तर न देता चपला घालून बाहेर पडली.

सांगलीच्या परीक्षा केंद्रात फेरतपासणीचं काम देवलकरबाईंकडे होतं. त्यांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तपासण्यात चूक नाही. पहिले दोन भाग उत्तम आहेत, मागच्या वर्षीपेक्षाही सरस. शेवटचा मोठा भाग तिने सोडवलेलाच नाही."

"वेळ संपला?"

"वेळ होता. उत्तरंही येत होती. तिने हात लावला नाही."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम." बाईंनी आवाज उतरवला. "तुमच्या प्रतीत दुसरं माणूस आहे. वर्षभर तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी तिच्याशी बोलत होतं, पुष्कळ बोलत होतं. असं करायचं नाही, हे नोंदणीच्या वेळी सांगितलेलं असतं."

अन्विताचा चेहरा पाहून त्या जरा नरमल्या. "असं होतं हो. आपल्या घरांत एकाची वस्तू एकाची राहते का? मध्ये एका मुलाची प्रत आजोबांबरोबर भजनं म्हणत होती. पूर आला की टाळ घेऊन बसायची."

एरवी अन्विता हसली असती.

"दुसरं बोलणं काढून टाकता येतं," बाई म्हणाल्या. "मग शेवटचा भाग आज संध्याकाळीच पुन्हा घेता येईल. मात्र त्या बोलण्यातलं तिला काही आठवणार नाही, आणि परीक्षा होईपर्यंत तुम्हीही ते तिच्या कानावर घालायचं नाही. घातलंत, तर परीक्षा कायमची रद्द. संमती असेल तर घरून अंगठा दिलात तरी चालेल."

केंद्राबाहेर गुलमोहराखाली एक बाकडं होतं. अन्विता त्यावर बसली आणि दातओठ खात म्हणाली, "कोण बोलत होतं तुझ्याशी?"

"आई," प्रत म्हणाली.

रात्री झोपताना आणि आंघोळीला जाताना अन्विता कुडी काढून स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला ठेवायची. दुपारी तास-दीड तास डुलकी काढायची, तेव्हाही. अन्विताला सगळं लख्ख कळलं, आणि संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला आपण इथून जायला नको होतं. तोंडाने "जा बाळा" म्हणत राहिली आणि पाठीमागे हे उद्योग!

"तिने सांगितलं तुला, सोडवू नकोस म्हणून?"

"छे. ती मला आधी फक्त बाटलीवरची अक्षरं वाचायला सांगायची. कुठले थेंब सकाळचे आणि कुठले रात्रीचे ते."

"कसले थेंब?"

"डोळ्यांचे. काचबिंदू आहे तिला, अनू. बाजूचं बरंच दिसेनासं झालंय. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर. उरलेली किती दिवस टिकेल, तेही त्यांना सांगता येत नाही."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग शाळेची मुलं गेली. अन्विताला ती दिसत होती आणि दिसत नव्हती. आईने स्कूटर विकली तेव्हा हिने तिला आळशी म्हणून चिडवलं होतं. आई येता-जाता दाराच्या चौकटीला धडकायची, तेव्हा अभ्यासातून डोकं वर काढून ही वैतागायची, केवढा आवाज करतेस म्हणून. आपल्यासारख्या आंधळ्या आपणच, असं वाटून तिला स्वतःची शिसारी आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"आईने शपथ घातली होती. तू मोडली असतीस?"

अन्विताने नकारार्थी मान हलवली.

"सांगता येत नव्हतं, पण तुला घरी ठेवणं माझ्या हातात होतं. मी तेवढं केलं. तुला कळलं असतं तर तूही हेच केलं असतंस, असं वाटलं मला." थोडं थांबून प्रत म्हणाली, "चुकलं का गं माझं?"

अन्विता बाकड्यावरून उठली आणि घराकडे निघाली.

ती घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. मुलीच्या चेहऱ्याकडे तिने मान तिरकी करून, जरा शोधल्यासारखं पाहिलं. ही तिची नवी सवय नव्हती, महिनोन् महिने ती अशीच बघत असणार. अन्विताने तिच्या गळ्यात हात टाकले आणि ती हमसून हमसून रडली.

"सांगितलं वाटतं धाकटीने," आई म्हणाली. प्रतीला ती धाकटी म्हणायची, हेही अन्विताला आत्ताच कळत होतं.

"बाबांना माहीत आहे?"

"आहे की. तुझी परीक्षा झाली की सांगायचं ठरलं होतं आमचं. तुझं चित्त कशाला विचलित करायचं?"

"आणि तिला सांगत बसलीस!"

"तुझा आवाज होता गं तिचा. तुला वेळ नव्हता, तिला होता. बोलले जरा." आईने पदराने तिचे डोळे पुसले. "पण ती असला आगाऊपणा करील असं वाटलं नव्हतं मला. देवाशप्पथ. आता काय करायचं म्हणतात?"

अन्विताने सगळं सांगितलं. आई जराही अडखळली नाही.

"काढून टाक की मग. आणि जा."

"आणि तू?"

"मी काय? तू इथे बसलीस म्हणून माझे डोळे थांबणार आहेत होय? बाबा बदली मागताहेत, आपले शेजारी आहेत. तू काठी होऊन बसलीस तर मला तेच बघवायचं नाही." आईचा आवाज पहिल्यांदाच कातरला. "मला तुला गाडीत बसताना बघायचंय अनू. दिसतंय तोवर."

आपण जावं, असं अन्विताला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटतंय याची तिला लाज वाटत होती. दोन्ही खरं होतं. संध्याकाळी ती टेबलाशी बसली. आईने मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"येते मी," कुडीतून प्रत हळूच म्हणाली. "आईच्या रात्रीच्या थेंबांची बाटली निळ्या झाकणाची आहे. लक्षात ठेव."

अन्विताने डोळे मिटून अंगठा टेकवला. कुडी थंड पडली. खोलीत आईच्या श्वासाचा तेवढा आवाज येत राहिला. मग कानात बारीकसं टिक् वाजलं आणि तिचाच आवाज आला, ताजातवाना, उत्साहाने नुसता फसफसणारा.

"झालं! अगं, शेवटचा भाग कोरा कसा राहिला माझा? किती सोपा आहे! बंधाऱ्याचं गणित तर आपण शंभरदा केलंय. आता बघच, ऐंशी काय, नव्वदच्या वर जाऊ. मग पहिल्या आठवड्यातच निघायचं हं. तिकडे थंडी असते, स्वेटर घ्यायला हवा."

ती बोलत सुटली. वसतिगृह, ब्रह्मपुत्रा, तिथली प्रयोगशाळा. अन्विता निमूट ऐकत होती. हा आवाज तिच्या पुरेपूर ओळखीचा होता. वर्षभर ती स्वतः दिवसरात्र अशीच तर बोलत आली होती. आता ही आईबद्दल काहीतरी विचारेल, निदान एखादा शब्द, म्हणून ती जीव मुठीत धरून थांबली. आईही वाकून कान देत होती.

पडद्यावर 'सुरू' असं लिहिलेली हिरवी चौकट लुकलुकत होती. अन्विताचं बोट तिच्यावर अधांतरी राहिलं होतं.

"माझी सगळी तयारी झाली," प्रत म्हणाली. "मग आपण थांबलोय कशासाठी?"