सूर्य मावळेपर्यंत कोरडी

सकाळपासून कुरणावर नुसता धिंगाणा चालला होता. वार्दावारचा, पाण्याच्या सणाचा दिवस. ज्याच्या हाती जे लागेल त्यात पाणी भरून तो दुसऱ्याच्या अंगावर ओतत होता. दुधाच्या बादल्या, चहाच्या किटल्या, पत्र्याची घमेली, काहीही चालत होतं. सुना सासऱ्यांना भिजवत होत्या, म्हातारे काठ्या टाकून पळत होते, आणि त्या एका दिवसापुरतं कुणी कुणावर रागवायचं नव्हतं. फक्त एका तंबूपुढची माती कोरडी होती.

त्या तंबूपुढे हायकुश उभी होती. ठेवणीतला फुलाफुलांचा झगा, नीट विंचरलेले पांढरे केस, दोन्ही हात मोकळे सोडलेले. ती भिजायलाच उभी होती.

शेजारच्या तंबूतली वार्सो भरलेली बादली घेऊन तरातरा आली, तिला पाहून थबकली आणि बादली खाली ठेवली.

"काय गं, हात दुखायला लागले का?" हायकुश म्हणाली. "गेल्या वर्षी तर माझ्या मानेत बर्फाचं पाणी ओतलं होतंस."

"गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी."

"का? मी म्हातारी झाले?"

"म्हातारी तू तेव्हाही होतीस. हायकुश, कशाला बोलायला लावतेस? वर्ष व्हायचंय अजून."

"वर्ष मेलेल्याचं असतं."

वार्सोनं तंबूच्या दारात बसलेल्या हायकुशच्या मुलीकडे, नझेलीकडे पाहिलं, मग बादली उचलली आणि ओझं वाढल्यासारखी वाकून परत गेली. दुखवट्यातल्या घरावर वार्दावारचं पाणी टाकत नाहीत. त्या घरच्यांनीही कुणावर टाकायचं नसतं. पण या घराला दुखवटा आहे की नाही, यावरच तर सगळं अडलं होतं.

नझेलीचे वडील, सहाक, गेल्या सप्टेंबरात चुकलेली घोडी शोधायला त्सोवसारच्या शिखरावर गेले होते. घोडी आपली आपण परत आली. सहाक आले नाहीत. शिखरावरच्या विवरात एक तळं आहे. त्याच्या काठावर त्यांची लोकरी टोपी सापडली, कोरडी. शहरातून पाणबुडे आले, दोनदा तळापर्यंत जाऊन आले आणि मान हलवत वर आले. खाली सगळा स्वच्छ दगड होता. एखादी वस्तू रुतून बसेल इतकाही गाळ नव्हता.

हिवाळाभर हायकुशनं खालच्या गावातल्या घराच्या दाराला कडी लावली नाही. तिच्या पायाची दोन बोटं थंडीनं काळी पडली ती त्यातच. आणि आता ती म्हणत होती की, या वर्षी बर्फ पडायला लागलं तरी आपण कुरणावरून उतरणार नाही. "ते आले आणि तंबू नसला तर?" एवढंच तिचं म्हणणं. सप्टेंबरअखेर इथे माणूस टिकत नाही. हे तिला नझेलीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

नझेली येरेवानला पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. ती सुट्टी काढून आली होती ती एकाच कामासाठी. गावार शहरातल्या पाथरवटाकडे सहाकच्या धाकट्या भावानं, मार्तूनकाकांनी, थडग्यासाठी काळा दगड बाजूला काढून ठेवला होता. त्यावर कोरायला फोटो हवा होता आणि आईचा होकार. एकदा दगड उभा राहिला की आई खाली येईल, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

"आई, देहाशिवायही दगड लावतात. युद्धात गेलेल्यांचे लावतात की."

"ते कुठे गेले ते माहीत असतं." हायकुशनं कुरणाकडे पाहिलं. तिथे वार्सोचा नवरा चिंब होऊन शिव्या देत पळत होता. मग ती वळली. "बरं. ऐक. आज सूर्य मावळेपर्यंत मी कोरडी राहिले, तर कोरा तुमचा दगड. मी तुझ्याबरोबर येरेवानला येते. पण कुणी माझ्यावर पाणी टाकलं, तर मी इथून हलणार नाही. पुन्हा विचारायचं नाही."

"आणि पाऊस आला तर, वहिनी?" मार्तूनकाका गाडीचं बॉनेट उघडून उभे होते, तिथून त्यांनी विचारलं.

"पाऊस कुणी कुणावर फेकत नाही, भावजी. तुम्ही तुमचं इंजिन बघा."

नझेली हो म्हणाली. कुरणावरचं एकही माणूस हायकुशवर पाणी टाकणार नव्हतं. पैज जिंकल्यातच जमा होती. आपण आईला फसवतोय असं तिला वाटत राहिलं.

दुपारी रीतीप्रमाणे सगळे त्सोवसारवर गेले. खिंडीपर्यंत गाड्या जातात, पुढे पायी. भाजलेल्या विटेसारखी लाल खडी, पाऊल टाकलं की अर्धं मागे सरकणारी. माथ्यावर विवराच्या कडेला विशाप पडलेला आहे. दोन माणसं एकावर एक उभी केली तर होईल एवढ्या लांबीचा, माशाच्या आकाराचा एकसंध दगड. तो कुणी घडवला आणि कधी, हे कुणी विचारत नाही. दरवर्षी तळ्यातून पाणी आणून त्याच्यावर ओततात. ओला झाला की त्याच्यावरचे डोळे, खवले, कल्ले उमटतात. वाळला की पुन्हा नुसता दगड.

बायकांनी पातळ रोट्या, चीज आणि हिरव्या पाल्याच्या जुड्या मांडल्या. पोरं तळ्यापर्यंत धावत गेली. काठाला जुलैतही बर्फाची पट्टी होती. पाण्यात हात घातला की कळ कोपरापर्यंत जायची. हायकुश विशापाजवळ बसून होती. लोक तिला वळसा घालून पाणी नेत होते, चर्चमधल्या पेटत्या मेणबत्तीला जपावं तसं.

उन्हं कलायला लागली तसे सगळे उतरले.

"वहिनी, चला. खाली बसून मावळू द्या त्याला."

"मी इथेच बसणार."

"नझेली, सांग तुझ्या आईला."

"तुम्ही खिंडीत थांबा, काका. मी आणते तिला."

मार्तूनकाका पुटपुटत गेले. त्यांच्या पायाखालची खडी बराच वेळ वाजत राहिली, मग तीही थांबली.

वारा पडला होता. नझेलीला ते आधी कळलंच नाही. इतक्या उंचीवर वारा नसतो असं कधी होत नाही. विवरात धुकं उतरलं आणि तळ्यावर झाकणासारखं बसलं. ते वर येत नव्हतं. वर आकाश निवळशंख होतं आणि सूर्य समोरच्या कड्यापासून चांगला हातभर वर होता.

विशाप एव्हाना वाळला होता. फक्त शेपटीकडचा भाग ओला होता. नझेलीनं सहज हात लावला. तिथे नुकतंच कुणीतरी पाणी ओतलं असावं तसा तो निथळत होता. सावलीतली बाजू, तिनं मनाशी म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं की ऊन त्याच बाजूला आहे.

"गप्प का झालीस?" आईनं विचारलं.

"दमले."

"तुझे बाबा इथे आले की गाणी म्हणायचे. बेसूर. घोडी कान पाडून घ्यायची." हायकुश हसली. "आणि बादली कधी वापरली नाही त्यांनी. टोपी बुडवायची आणि फेकायची. म्हणायचे, बादलीनं माणूस भिजतं, टोपीनं हसतं."

नझेलीनं मान हलवली. गेल्या दहा महिन्यांत ती रडली नव्हती. इथे रडायचं नाही हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

खाली धुक्यात काहीतरी वाजलं.

फट्. ओलं कापड दगडावर आपटावं तसं.

"दगड पडला," नझेली म्हणाली.

आईनं मान तिकडे वळवली.

पुन्हा तसाच आवाज आला. या वेळी धुक्याच्या कडेला. नझेलीनं पाहिलं. लाल खडीवर एक काळा डाग पडला होता, ओल्याचा. टोपीभर पाणी फेकलं तर पडेल एवढा. त्याच्याभोवती उडालेले थेंब होते. त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

तिसरा डाग त्याच्या वर पडला. चौथा त्याच्याही वर. डाग एका रेषेत, चढणीनं, माणूस दम घेत चढेल तेवढ्या वेगानं येत होते. दोन डागांच्या मध्ये खडीवर काही उमटत नव्हतं. खडी सरकतही नव्हती. तिथून चालणाऱ्या कुणाच्याही पायाखाली ती सरकली असती.

हायकुश उठून उभी राहिली. तिनं झगा सारखा केला. केसांवरून हात फिरवला आणि डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा नझेलीनं कधी पाहिला नव्हता एवढा तरुण दिसत होता.

"आई, चल इथून."

"थांब गं. येऊ दे."

"आई!"

"सूर्य आहे अजून."

खरंच होता. कड्याला टेकला होता.

नझेलीनं अंगातला रेनकोट काढला, आईच्या डोक्यावरून घातला आणि तिला घट्ट धरून स्वतः पुढे उभी राहिली. आई धडपडू लागली. तिच्यात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"सोड मला! माझ्यासाठी आलेत ते!"

पुढचा डाग विशापावर पडला. दगडावर एक डोळा उमटला.

नझेलीनं डोळे मिटले नाहीत.

समोर कुणी नव्हतं. हवेतून, कमरेएवढ्या उंचीवरून पाणी उसळलं आणि तिच्या तोंडावर, छातीवर आलं.

ते गार नव्हतं.

अंगाइतकं कोमट होतं.

तिच्या तोंडातून एक शब्द निघणार होता. लहानपणी पहिल्यांदा बोललेल्या शब्दांपैकी. तिनं ओठ दातांत धरला. तो शब्द आईनं ऐकला असता, तर तिला इथून कुणीही खाली नेऊ शकलं नसतं.

मग सगळं शांत झालं. ऊन गेलं.

हायकुशनं रेनकोट बाजूला केला. आधी स्वतःच्या बाह्या चाचपल्या. झगा चाचपला. केस चाचपले. मग तिनं नझेलीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"तुझ्यावर टाकलं?"

"दगड पडला तळ्यात. त्याचं उडालं."

तळं खाली पार धुक्यात होतं. दोघींनी तिकडे पाहिलं.

"नझेली. माझ्याकडे बघून सांग. ते होते का?"

"नव्हतं कुणी."

आईनं तिचा चेहरा निरखून पाहिला. मग खाली बसली आणि दहा महिन्यांचं रडू एकदम रडली, मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. "मी कोरडी आहे," ती म्हणत होती. "मी कोरडीच आहे गं."

खिंडीत मार्तूनकाकांनी गाडीचे दिवे लावून ठेवले होते. "ही कशानं भिजली?" त्यांनी विचारलं. नझेली मागच्या सीटवर जाऊन बसली. निम्म्या वाटेवर हायकुश आपण होऊन म्हणाली, "भावजी, पाथरवटाला सांगा, टोपी घातलेले कोरू नको. त्यांना केसांचा फार अभिमान होता." होता, म्हणाली. मार्तूनकाकांनी गाडी थोडी हळू केली आणि पुन्हा वेग घेतला.

सकाळी नझेलीला वार्सोच्या आवाजानं जाग आली.

"सण काल झाला ना रे? कुणी सांडलंय हे? माझी गाय घसरली असती!"

नझेली बाहेर आली. ऊन लख्ख होतं, गवत वाळलेलं. त्सोवसारच्या बाजूनं, तंबूंच्या मधून, काळे ओले डाग एका रेषेत आले होते. शेवटचा त्यांच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर होता.

आत आई उठली होती. पेटीतले फोटो अंथरुणावर पसरून बसली होती. रात्री पहिल्यांदाच तिनं तंबूचं दार आतून बांधून घेतलं होतं.

"नझेली, हा बघ. यात हसतायत. हाच देऊया?"

"हाच दे, आई."

खालून मार्तूनकाकांनी हॉर्न वाजवला. "चला गं, पाथरवट वाट बघत बसेल!"

"आईला घेऊन जा, काका. मी थांबते काही दिवस."

"किती?"

तिनं बाहेरच्या चुलीतली राख ओंजळीत घेतली आणि आई बाहेर यायच्या आत उंबऱ्यापुढच्या डागावर टाकली. राख भिजून काळी पडली. तिनं दुसरी ओंजळ टाकली. तीही.