उतरवायची राहिलेली तात

भित्र्यांनी आत्ताच उठून घरी जावं. मागून कोणी सोबत करणार नाही.

दारव्ह्याची हुस्नाबी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. सरदार पिंजाऱ्याची बायको. सरदार गेला, आणि गावातल्या इतिहास संग्रहालयानं त्याची पिंजण, कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य, काचेच्या कपाटात ठेवली. मागोमाग हुस्नाबीही तिथं पोचली. पगार नाही, काही नाही. आल्यागेल्याला वस्तूंची माहिती सांगायची.

"आजी, वाजवून दाखवा ना!" पोरी म्हणत.

"म्युझियम हाये माय, बँडपार्टी नाही!"

जीभ अशी, पण आत सल होता. काम संपलं की पिंजणीची तात, म्हणजे तिची दोरी, उतरवून सैल करायची. रात्रभर ताणलेली राहिली तर घरात कोणाला झोप नाही, असं पिंजारी मानत. पिंजायचा सरदार, तात उतरवून चिंधीनं बांधायची हुस्नाबी. शेवटच्या दिवशी त्यानं हाक मारली, "हुस्ना, तात उतरव वं. हात भरून आले."

सकाळच्या भांडणाचा राग तिच्या नाकावर होता. "उतरवा तुमचं तुमी. मी काय नौकर हावो?"

पुन्हा हाक आली नाही.

पिंजण तशीच ताणलेली संग्रहालयात आली.

"सर, एकडाव कपाट उघडा. तात उतरवू द्या मले," ती संग्रहालय चालवणाऱ्या श्रावणसरांना विनवायची.

"काहून, हुस्नाबी? ताणलेली हाये म्हणून तं लोकायले समजते."

"लोकायले समजते. माह्या माणसाले झोप येत नाही, त्याचं काय?"

सर हसले. किल्ली खिशात गेली.

साल दोन हजार सहा. भावाविना घराघरात कापूस पडून, आणि घराघरात सुतक. बावीस नोव्हेंबर, बुधवार. दुसऱ्या दिवशी आर्णीच्या शाळेची सहल यायची होती, म्हणून हुस्नाबी झाडू मारायला थांबली. सात वीसला लाइन गेली. भारनियमन, त्यात नवल नव्हतं.

धुन्न.

झाडू थांबला.

धुन्न... धुन्न...

कपाटातून. दोन ठोके जोरात, तिसरा हलका. हा हात तिच्या ओळखीचा. मग ठोके मंदावले. थकल्यासारखे.

"अजी...?"

आवाज थांबला.

ती चाचपडत गेली. काचेवर तळहात टेकले.

"हात भरून आले ना? उतरवतो मी... पण चाबी नाही माह्यापाशी..."

शांत.

"एक हाक मारा... एकच."

शांत.

...

सकाळी सर आले तेव्हा ती कपाटाला डोकं टेकून बसलेली. कुलूप जसंच्या तसं. काच शाबूत. आत तात उतरलेली. सैल. हिरव्या चिंधीनं बांधलेली.

"हुस्नाबी, चाबी कुठून आणली?"

डोळे पुसायला तिनं पदर ओढला.

हिरव्या पदराचा कोपरा नव्हता.