दोन कप्प्यांची पेटी

“माती खाऊ घालतेस का मला?” सासऱ्यांनी ताट एवढ्या जोरात ढकललं, की भाजीचा रस टेबलावरून ओघळून तिच्या मांडीवर सांडला.

तिनं पदरानं टेबल पुसून घेतलं. डॉक्टरांनी मीठ बंद केल्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेव्हापासून रोज हेच! उभा जन्म उंच क्रेनवर बसून ज्यांनी लोखंडी तुळया हलवल्या, ते बाबा आता चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अडकले होते... आणि त्यांच्याबरोबर तीही! नवरा सात वर्षांपूर्वी “येतोच” म्हणून गेला, तो गेलाच. ज्या सासऱ्यांनी लग्नानंतर वर्षभर तिला उंबरा ओलांडून आत येऊ दिलं नव्हतं, त्यांचंच पथ्यपाणी तिच्या गळ्यात पडलं होतं. घर बदलायचा विषय निघाला, की ते गरजत, “तो आला तर दार कोण उघडेल?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती रोपवाटिकेत गेली आणि मधे फळी असलेली एक लाकडी पेटी निवडली.

“मीठ नाही, तर निदान वास तरी हवा जेवणाला,” ती माळ्याला म्हणाली.

“मग पाणी पिणारी एका कप्प्यात, कोरडी राहणारी दुसऱ्यात,” माळी म्हणाला. “एकत्र लावलीत तर एक तहानेनं मरेल, नाहीतर दुसरं कुजेल. आणि पुदिना नकोच, त्याला ओसरी दिली की तो हातपाय पसरतो!”

एकेक पान चुरगाळून, हुंगून तिनं ओल्या कप्प्यासाठी कोथिंबीर आणि आंबटचुका घेतला, कोरड्यासाठी ओवा आणि मरवा.

“आणि तुमच्या आवडीचं?” माळ्यानं विचारलं.

ती विचार करत राहिली... पण एक नाव आठवेल तर शपथ!

घरी येऊन ती गॅलरीत रोपं लावत होती, कोपरापर्यंत चिखलानं माखली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबांनी कुरकुरत तो उचलला आणि स्पीकर लावून तिच्यापुढे धरला. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तिच्या साहेबीणबाई होत्या.

“अगं, तिसऱ्यांदा नकार? दुसऱ्या शहरातल्या आपल्या प्रयोगशाळेची प्रमुख होशील, राहायला घर मिळेल! आता नाही म्हणालीस, तर यादीतून नाव कायमचं जाईल.”

“बाई... मी मागून बोलते,” ती कशीबशी म्हणाली. फोन बंद झाला. बाबांचा हात मात्र तसाच पुढे राहिला!

“तीनदा?” त्यांनी विचारलं. “मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार होते, बाबा? तुम्ही हे दार सोडणार नाही, आणि मी तुम्हाला टाकून जाणार नाही!” सात वर्षांचा बांध फुटला. “एक माणूस या घरातून न सांगता गेलं... तेवढं पुरे नाही का?”

बाबा मटकन खुर्चीत बसले. त्यांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, “मला वाटायचं, तू त्याच्यासाठी थांबलीस.”

“त्याच्यासाठी?” ती रडता रडता हसली. “त्याची वाट बघणं मी पहिल्याच वर्षी सोडलं!”

“मग माझ्यासाठी? ज्यानं तुला वर्षभर दाराबाहेर ठेवलं, त्या म्हाताऱ्यासाठी?” त्यांच्या कठोर डोळ्यांतून धारा लागल्या. “बाईंना फोन लाव. जाते म्हण.”

“आणि तुम्ही?”

“मीही येतो. नेशील ना मला?”

चिखलाचे हात विसरून तिनं त्यांचे हात घट्ट धरले. “पण बाबा... तो परत आला तर?”

बाबांनी एकदा दाराकडे पाहिलं.

“आला, तर शोधत येईल. जाताना त्यानं तरी कुठं पत्ता ठेवला होता?”