परीक्षेच्या दिवशी बंद पडणारी पेटी

वस्तीचं सामाईक इंटरनेट बंद पडलं, तर फायदा कुणाचा? हिशेब सोपा होता. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याचा. लोकांनी वर्गणी काढून गच्चीगच्चीवर वायफायच्या पेट्या बसवल्या, वाचनालयात फुकट संगणकवर्ग सुरू केला, तेव्हापासून त्याच्या दुकानात माश्या तेवढ्या नेमाने येत होत्या. म्हणून आज तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदाही ऐन परीक्षेच्या दिवशी, इंटरनेट गेलं तेव्हा सगळा वर्ग त्याच्या दारात जाऊन भांडून आला. सकाळ त्यातच गेली.

वर्ग घेणाऱ्या बाईंना तेवढं ते पटत नव्हतं.

"त्याला बंद पाडायचंच असेल तर रोज पाडेल. परीक्षेचाच मुहूर्त कशाला?"

"तुम्ही मुहूर्त शोधा," इस्त्रीवाल्याची सून म्हणाली. "माझा अर्ज आज बंद होतोय."

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरची नोकरी होती. अर्जाला या परीक्षेचं प्रमाणपत्र लागत होतं. परीक्षा इथल्याच संगणकांवर द्यायची, तीही दुपारपर्यंत. दोनदा हुकली होती. आज हुकली तर जागा दुसऱ्या कुणाची.

"होईल गं," काकू म्हणाल्या. वर्गातल्या सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात हुशार. "माझा मुलगा म्हणतो, आई, तू शिकलीस की बिलं भरायला दर रविवारी यायची माझी खेप वाचेल. त्याची खेप वाचवायला मी परीक्षा देतेय बघ."

सगळे हसले. सुनेने परीक्षेच्या सूचनांचा कागद त्यांच्यापुढे धरला. "वेळ वाढवून मिळतो का, बघा ना."

"चष्मा घरी राहिला गं."

बाई वैतागून उठल्या. वाचनालयाला सिग्नल समोरच्या इमारतीवरच्या पेटीतून मिळत असे. खाली शिंप्याचं दुकान, वर काकूंचं घर, त्यावर गच्ची. गच्चीची किल्ली शिंप्याच्या खिळ्याला.

"किल्ली आज कुणी नेली?" बाईंनी शिंप्याला विचारलं.

"कपडे वाळत घालायला सगळेच नेतात. मी काय वॉचमन आहे?"

"पेटीबद्दल तक्रार तुमचीच होती."

"होतीच. वीज माझ्या मीटरवर चढते. पण बंद करायची तर इथूनच मेन पाडेन. जिने चढायला माझे गुडघे काय फुकट आलेत?"

उत्तर पटण्यासारखं होतं, म्हणून बाईंचा वैताग आणखीच वाढला. त्यांनी पेट्या सांभाळणाऱ्या वायरमनला फोन लावला.

"मागच्या दोन वेळा काय झालं होतं?"

"प्लग निघाला होता. लावला."

"निघाला होता की काढला होता?"

"बाई, प्लग काय तोंडाने सांगतो?"

गच्चीवर प्लगने सगळं सांगितलं. बटण बंद होतं. वायरची सैल गुंडाळी चिंधीने नीट बांधलेली. प्लगच्या टोकावर ओल लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी. बाईंनी कपाळाला हात लावला.

प्लग लावून त्या वर्गात परतल्या. संगणक चालू झाले होते. पडद्यावर पुढच्या परीक्षेची तारीख होती, थेट पुढच्या महिन्यातली. आजची वेळ संपली होती.

"रिचार्जवाल्याला शिव्या देणं थांबवा," बाई म्हणाल्या. "वैरी वायर ओढतो, तोडतो. ही पेटी कुणीतरी जपून झोपवली होती. आधी बटण, मग प्लग, मग गुंडाळी, टोकाला पिशवी. एवढे लाड दुनियेत कुणी करत नाही. ते मी शिकवते, या खोलीत. म्हणजे माणूस वर्गातला. त्याच इमारतीत राहणारा, किल्ली नेली तरी कुणी वळून बघणार नाही असा."

बाई काकूंकडे वळल्या.

"काकू, चष्म्याशिवाय तुम्हाला अक्षर दिसत नाही. परीक्षेला चष्मा न घेता कशा आलात?"

काकूंनी पदर बोटाला गुंडाळला. "परीक्षा होणारच नव्हती ना. पण पेटीला काही होऊ दिलं नाही हं, बाई. तुम्ही सांगितलं तस्संच केलं."

"तेच तर."

"पास झाले असते तर रविवार गेला असता. तो येतो, बिल भरतो, चहा घेतो, चार गोष्टी सांगतो. बिलंच उरली नाहीत तर कशाला येईल?"

"मग नापास व्हायचं," सून म्हणाली. "तुम्ही एकटीने."

"नापास झाले असते तर बाईंना काय वाटलं असतं?"

सुनेने पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

बाईंनी शिक्षा दिली नाही. ती काकूंनी स्वतःच घेतली. रविवारी मुलगा आला तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि त्याच्यासमोर बिल स्वतः भरलं.

"वा, आई. सुटलो," तो म्हणाला, आणि चहा न घेताच निघाला.

हिशेब मांडायचा तर असा: रिचार्जवाल्याने न केलेल्या कामाची किंमत शिव्या खाऊन भरली. काकूंनी रविवार देऊन. पण त्यातलं काहीच इस्त्रीवाल्याच्या सुनेच्या पदरात पडलं नाही. सगळ्यात जास्त तिनेच भरलं होतं, आणि नोंदणीच्या खिडकीवर आता दुसरीच कुणी बसत होती.