वाट कोणी बघायची?

"अहो, पकडा! पकडा त्याला!"

तिने मान वर केली, तर एक निळा तंबू गवतावरून कोलांट्या खात थेट तिच्या अंगावर चाल करून येत होता. त्याच्यामागे एक उंच तरुण धावत होता. एक चप्पल पायात, दुसरी हातात. विचार करायला सवड नव्हतीच. तिने झेप घेतली आणि तंबूवर चक्क बसकण मारली. फुस्स करून तंबू निवला.

"आभारी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "वारा जरा—"

"वाऱ्याला कशाला बोल लावता? खुंट्या कुठे आहेत?"

"पिशवीत."

"का? पिशवी उडू नये म्हणून?"

तो असा काही हसला की तिलाही हसू आवरेना. मग दोघांनी मिळून खुंट्या ठोकल्या. दोरी देता-घेता बोटाला बोट लागलं, आणि... काही नाही, दोघंही उगाचच वाऱ्याबद्दल बोलू लागले.

ताई आणि भावजींनी तिला या किनाऱ्यावरच्या उद्यानात तंबूत राहायला अक्षरशः ओढून आणलं होतं. ती गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी बसून तिच्या जिवाला सतत एक धास्ती असे, आणि सुट्टीतही तिला स्वस्थता म्हणून नव्हती. आल्यापासून ती समोरच्या किनाऱ्यावर तीनदा जाऊन आली होती. ताई तिला लहानपणापासून 'भिंगरी' म्हणायची ते काही उगीच नव्हे.

संध्याकाळी टेकाडापलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर ती निघाली, तर तो वाटेतच भेटला.

"तुम्ही चालता की पळता?" त्याने मागून विचारलं.

"तुमच्या तंबूपेक्षा हळूच."

पलीकडे माणूसकाणूस नव्हतं. ओल्या वाळूवर खेकड्यांची धावपळ, गालांवर खारट तुषार. तो स्वयंपाकी होता. गाडी मात्र त्याला येत नव्हती.

"एवढं वय झालं, आणि गाडी येत नाही?"

"शिकवणारी भेटली नाही."

ती समुद्राकडे बघू लागली. कान तापलेत हे वाऱ्यामुळे दिसणार नाही, अशी तिची आपली समजूत.

सकाळी भावजींकडून किल्ली मागून तिने त्याला फाटकाजवळच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं.

"क्लच हळूच सोडायचा. हळूच म्हणजे—"

"दूध वर येताना गॅस बारीक करतो तसा?"

"बरोब्बर तसा!"

गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मात्र मांजराच्या पावलांनी सरकली, आणि त्याचा आनंद काय वर्णावा! तिला वाटलं, हे पार्किंग संपूच नये.

"इतकी वर्षं शिकायचं राहिलं कसं पण?"

"जमिनीवर असतोच कुठे मी? जहाजावर स्वयंपाकी आहे ना. आजच निघायचंय, आता परत येणार ते थेट पुढच्या उन्हाळ्यात."

तिने खसकन हँडब्रेक ओढला.

"जहाजावर? मग सुट्टीतही समुद्रच कशाला?"

"लांबून बघायला. आमच्या स्वयंपाकघरातून कसला दिसतो? खारं पाणी येतं ते फक्त कांदा चिरताना—"

ती हसली नाही. "किल्ली द्या," म्हणाली आणि गाडी वळवून त्याला तंबूपाशी सोडून आली. तो काहीतरी विचारत होता. तिने काच वर केली.

तिचे बाबा जहाजावर होते. ते घरी आले की आई तिला ओळख करून द्यायची, "अगं, हे बाबा." ते गेले की आई खिडकीत. असल्या माणसाच्या वाटेला जायचं नाही, ही तिची कॉलेजात असल्यापासूनची शपथ.

तिने भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. मग तंबूची दोरी सोडून परत बांधू लागली, तेव्हा ताईने तिचा हात धरला. सगळं ऐकून घेतलं.

"आई वाट बघत बसली, कारण तिला दुसरं काही करूच दिलं नाही कुणी," ताई म्हणाली. "तुला कोण बसवणारे खिडकीत? आधी तुला खुर्चीत बसवून दाखवा म्हणावं!"

"पण ताई, मला भीती वाटते गं."

"वाटू दे. भीती वाटते म्हणून शिकवणं सोडलंस का?"

ती उठून निघाली तेव्हा बारीक सर आली होती. निळ्या तंबूची जागा रिकामी होती, नुसतं दबलेलं पिवळट गवत. ती फाटकाकडे धावत सुटली.

तो बसथांब्यावर उभा होता. पाठीवर पिशवी, केसांतून पाणी ठिबकतंय.

"मी तुझी वाट बघणार नाही," ती धापा टाकत म्हणाली. 'तू' कधी आलं तोंडात, तिचं तिलाच कळलं नाही. "खिडकीत बसणार नाही. माझी कामं असतील, शिकवणी असेल, मी कुठेतरी हिंडत असेन. फोन केलास आणि नाही उचलला तर रुसायचं नाही. आणि परत आलास की... की पहिल्यांदा इथेच यायचं. चालेल?"

त्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. वळणावर बस दिसू लागली.

"अरे, बोल ना! मला असं ताटकळायला नाही जमत!"

त्याने ओल्या हातांनी तिचे हात धरले.

"तू कशाला वाट बघतेस? तू हिंड मनसोक्त," तो म्हणाला. "वाट मी बघेन. तिथे मला दुसरं काम काय... कांदे चिरायचे आणि तुझी वाट बघायची."

बस आली, थांबली, दार उघडलं. चालकाने हॉर्न दिला. पण हात सोडायची घाई दोघांनाही नव्हती.