मुकं बीकन

“बेकेट, तू बटण दाबलंच नाहीस,” रोवेना वैतागून म्हणाली.

“दाबलंय गं. दिवा लुकलुकताना बघूनच पुरलंय.”

“मग माझं का गप्प आहे?”

नाताळची सुट्टी होती. पॉलसनच्या स्कीच्या दुकानामागे, माळावर गुडघाभर बर्फ साचला होता. तिथे रोवेना, तिचा मामेभाऊ बेकेट आणि मैत्रीण लूपे बीकन शोधायचा सराव करत होते. डोंगरात स्कीवर जाताना प्रत्येकाने बीकन छातीला बांधायचं. बर्फ कोसळून कुणी गाडला गेला, तर त्याच्या बीकनचा इशारा बाकीच्यांच्या बीकनवर टिकटिकतो आणि माणूस सापडतो. गेल्या हिवाळ्यात रोवेनाचे बाबा असेच वेळेत सापडले होते.

लूपेने फावड्याने पिवळं बीकन उकरून काढलं. दिवा खरंच लुकलुकत होता. रोवेनाने आपलं बीकन त्याला जवळजवळ टेकवलं. तरी एक टिक नाही.

“हे मुकं आहे,” लूपे म्हणाली. “आणि हे तर पॉलसनच्या भाड्याने द्यायच्या बीकनांच्या खोक्यातलं आहे.”

त्याच खोक्यातली आणखी काही त्यांनी तपासली. निम्मी मुकीच निघाली.

तिघं आत धावली. पॉलसन एका गृहस्थाला आणि त्यांच्या दोन मुलींना तसलीच पिवळी बीकनं बांधून देत होता. ती मंडळी खिंडीपलीकडच्या झोपडीत मुक्कामाला निघाली होती.

“मिस्टर पॉलसन, यातली बरीच बीकनं बंद आहेत.”

“दिवा लागतोय ना? मग चालू आहेत.”

“दिवा लागतो, पण इशारा—”

“पोरी, तुला दात यायच्या आधीपासून मी हा धंदा करतोय. गिऱ्हाइकांसमोर नाट लावू नकोस. चला, निघा.”

ते गृहस्थ कसंनुसं हसले. धाकट्या मुलीने छातीवरचा पिवळा डबा कौतुकाने थोपटला.

बाहेर येताच रोवेनाने बर्फाच्या ढिगाला लाथ घातली. तिचे कान तापले होते. “आत जाऊन ओरडतेच त्याच्यावर.”

“ओरडलीस की आपणच उद्धट ठरू,” लूपे म्हणाली. “त्यापेक्षा त्याचं त्यालाच शोधू दे.” तिची नजर खिडकीतून गल्ल्याजवळ पडलेल्या पॉलसनच्या पिकअप गाडीच्या किल्लीवर होती.

थोड्या वेळाने पॉलसन खिसे चाचपत बाहेर आला. मागोमाग ती तिघं बापलेकी.

“माझी किल्ली कुठाय?”

“माळावर पुरलीय,” रोवेना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “तुमच्या चालू बीकनला बांधून. तुम्हाला लगेच सापडेल.”

“मस्करी बंद. किल्ली दे.”

“शोधा ना. दिवा लागतोय.”

गिऱ्हाईक बघत होतं. पॉलसनने गळ्यातलं आपलं नवं कोरं बीकन काढलं आणि तो माळ तुडवू लागला. एकदा गेला, आला. पुन्हा गेला. एकदा तर तो नेमका किल्लीवरूनच चालत गेला. बीकनमधून चकार शब्द नाही.

त्या गृहस्थांचं हसू केव्हाच मावळलं होतं. “माझ्या मुलींची बीकनं चालू करून बघ जरा,” ते रोवेनाला म्हणाले.

तिने आपलं बीकन आधी थोरलीजवळ धरलं. टिकटिक झाली. ते बंद करून मग धाकटीजवळ. काही नाही.

त्यांनी धाकटीच्या छातीवरचे पट्टे सोडले. “हे बांधून तुम्ही तिला त्या खिंडीत पाठवत होतात?”

“दिवा तर लागतोय,” पॉलसन पुटपुटला.

लूपेने फोन केल्यावर बचाव पथकाच्या मिसेस ओकली आल्या. त्यांनी एकेक बीकन तपासलं, मुकी सगळी पोत्यात भरली आणि पॉलसनला बजावलं की नवी येईपर्यंत एकही भाड्याने जाणार नाही. मग त्या मुलांकडे वळल्या.

“दुसऱ्याची किल्ली उचलणं मला पसंत नाही. पण आज तुम्ही नसतात, तर उद्या मला त्या पोरीला हुडकायला जावं लागलं असतं. शाबास.”

बेकेट लाजून हसला. रोवेनाला हसू आलं नाही. शाबासकीने राग जाईल असं तिला वाटलं होतं. तो तसाच होता.

“किल्ली कुठे आहे, सांग ना,” पॉलसन हळू आवाजात म्हणाला.

“शोधा सावकाश,” रोवेना म्हणाली. “किल्लीला काही श्वास घ्यावा लागत नाही.”