उघड्या फाटकाची सुतळी

किरण, पूलच्या फाटकाखालचा तो धोंडा काढ आधी. कडी पडल्याचा आवाज येऊ दे... हां. आता बस. जितेश, तूही सरक जवळ.

दहिवलीच्या पुढे एक धाकलू होता. तुमच्यासारखाच बंगला सांभाळणारा, माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. गेल्या वर्षी चैत्री पौर्णिमेच्या आदल्या रात्री त्याला मालकाचा फोन आला. उद्या पाहुणे येताहेत, स्विमिंग पूलची मोटर चालू कर. जेवण उरकून तो बॅटरी घेऊन निघाला.

त्या पूलला चारी बाजूंनी छातीएवढी जाळी होती. फाटकाला स्प्रिंग. उघडून सोडलं की आपसूक मिटायचं, आणि कडी लहान पोराचा हात पोचणार नाही इतकी वर. फाटक उघडं ठेवायचं नाही, हा मालकाचा नियमच होता. पण पाहुण्यांना ताटं पाण्याकाठी लागायची. धाकलूच्या दोन्ही हातांत मटणाची ताटं, आणि फाटक येऊन कोपरावर आदळायचं. मग तो ते सुतळीने खांबाला बांधून ठेवायचा. गवताच्या भाऱ्याला मारायचा तीच गाठ. एक टोक ओढलं की सुटणारी.

भांडी घासायला वाडीवरची मंगळी यायची. सोबत तिची चार वर्षांची हिरू. त्याच साली, होळीच्या आधीच्या रविवारी हिरू त्या उघड्या फाटकातून आत गेली.

तिला पाण्यातून धाकलूनेच काढलं. आणि माणसं जमायच्या आत त्याने सुतळी सोडली, चुलीत टाकली. पोलिसांनी फाटक उघडून सोडून बघितलं. मिटलं.

"पोरगी जाळीवर चढली असंल," धाकलू म्हणाला.

सगळे मंगळीकडे वळले. "आय ना गं तू? लक्ष कुठं व्हतं तुजं?"

मंगळी हिरूचे ओले केस पुसत राहिली. धाकलू तिथंच उभा होता.

तर, त्या रात्री. टिपूर चांदणं. फाटक उघडं होतं.

खांबाला बांधलेलं. सुतळीने.

त्याने टोक ओढलं. सुतळी ओली लागली. फाटक मिटलं, कडी पडली. जाळीबाहेरच्या खोलीत जाऊन त्याने मोटर चालू केली. मागे वळला.

फाटक उघडं.

गाठ तीच. पण आता खाली... गुडघ्याएवढ्यावर.

"कोन हाय?"

...

"हिरू?"

मोटर बंद पडली. पाणी मात्र हलत होतं.

"मग? घरी पळाला?" काय रे किरण, घरी कशाला पळेल? वाडीवर गेला तो. अनवाणी. मंगळी दारातच बसलेली होती. त्याला मान वर करवेना.

"मंगळे, त्या दिशी फाटक मी..."

"ठाव हाय." ती आत गेली, सुतळी घेऊन आली. गाठीसकट. "तुजी गाठ वळखते मी, दादा. फेकली तरी सकाळी उंबऱ्यात पडलेली असते."

"मी... मी जाळली व्हती ती."

"समदे मला बोलत व्हते. तू तिथंच उभा व्हतास ना रं?"

धाकलू खाली बसला.

सकाळी त्याने सगळ्या वाडीसमोर खरं सांगितलं. मग ठाण्यात जाऊन सांगितलं. मंगळीला पुन्हा कोणी काही म्हणालं नाही. धाकलू मात्र अजून कुणाच्याच नजरेला नजर देत नाही.

ती सुतळी मंगळीच्या घरात, कुडाच्या भिंतीवर खुंटीला आहे. भर वैशाखात मी हात लावून पाहिली.

ओली होती. आणि तिला पूलच्या औषधाचा वास येत होता.